बंबखान्याची किल्ली

अर्डिस टॉर्गर्सनच्या स्वयंपाकघराच्या दाराशेजारी एक खिळा आहे आणि त्या खिळ्याला बंबखान्याची किल्ली लटकलेली असते. बंबखाना रस्त्याच्या पलीकडेच, तिच्या खिडकीतून दिसतो. आग विझवणाऱ्यांच्या किल्ल्या वेगळ्या, ही अर्डिसची. निवडणुकीच्या दिवशी पहाटे बंब बाहेर उतारावर काढून ठेवायला लावायचा, रिकाम्या जागेत टेबलं मांडायची, मत देण्याचे आडोसे उभे करायचे आणि सात वाजता दार उघडून "या" म्हणायचं, हे काम आमच्या ग्रँबर्ग शहराच्या तिसऱ्या वॉर्डात कित्येक वर्षं तीच करत आली आहे. मी तिच्या शेजारी बसून यादीत नावं शोधतो. मला बोलायला फारसं जमत नाही आणि या कामात बोलावंही लागत नाही, म्हणून टिकलो. लिहायला तर त्याहून कमी जमतं. पण यंदाच्या एप्रिलची हकिगत जो तो आपापल्या परीने सांगतो आहे आणि प्रत्येकाच्या सांगण्यात ऑर्विलची होडी मोठी होत चालली आहे. तेव्हा मी पाहिली तशी लिहून ठेवतो.

अर्डिस शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झाली. आज पन्नाशीच्या आत असलेल्या अर्ध्या शहराने तिच्या हातचं दुपारचं जेवण जेवलेलं आहे. मतपत्रिका देतानाही तिचा आवाज तोच. "पुढे सरक, जेरी. दोन्ही हात बाहेर काढ. घे." मोठमोठी माणसं मुकाट्याने हात पुढे करतात.

ती कुणाच्या बाजूची, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. आमच्याकडे कोण रिपब्लिकन आणि कोण डेमोक्रॅट हे अंगणातल्या पाट्यांवरून, गाडीच्या मागच्या चिकटपट्ट्यांवरून, अगदी कुणी कुणाकडून बर्फ काढून घेतो त्यावरूनही कळतं. एप्रिलच्या निवडणुकीत मतपत्रिकेवर पक्षाचं नाव नसतं. महापौर, न्यायाधीश, शाळेचं मंडळ, सगळे नुसते नावाने उभे असतात. तरी कोण कुणाचा हे कुत्र्यालाही माहीत असतं. अर्डिस मतदानाच्या दिवशी रिपब्लिकनांचं लाल घालत नसे आणि डेमोक्रॅटांचं निळंही घालत नसे. वर्षानुवर्षं तोच हिरवा स्वेटर, सोनेरी काठांचा, आमच्या फुटबॉल संघाच्या रंगांचा. त्या रंगांवर भांडण नाही. तिचा नवरा नॉर्बर्ट होता तोवर अंगणात कोठाराच्या दाराएवढ्या रिपब्लिकन पाट्या लागत. काही जण म्हणत, ती त्याच्यासारखीच. काही म्हणत, असती तर पाट्यांभोवतीचं गवत तिने कापलं असतं. नॉर्बर्ट जाऊन सहा वर्षं झाली. पाट्या गेल्या आणि अंदाज करायला तेवढंही उरलं नाही.

मार्चमध्ये नगरपरिषदेचा अध्यक्ष ड्वेन प्रॉख्नो तिच्याकडे आला. मी तिथे कॉफी प्यायला बसलो होतो. ड्वेनने टोपी काढली, कारण लहानपणी याच बाईने त्याला वाटाणे संपवल्याशिवाय उठू दिलं नव्हतं.

"मिसेस टॉर्गर्सन, तुम्हाला बाहेरून कळायच्या आत आपण सांगावं म्हटलं. तिसरा वॉर्ड शाळेच्या केंद्रात मिसळायचं चाललंय."

"पुलापलीकडे?"

"पुलापलीकडे. तिथे गाड्या लावायला जागा आहे, आणि..."

"माझ्या वॉर्डात काठी टेकत येणारे किती आहेत, माहीत आहे तुला? एप्रिलमध्ये त्या पुलावर सकाळी बर्फाचा पापुद्रा असतो."

"मला माहीत आहे. पण लोक येतच नाहीत ना. नोव्हेंबरात येतात, ते ठीक. एप्रिलमध्ये तुमच्याकडे पाचातला एक येतो. पाच माणसं तिथे दिवसभर बसवायची आणि..." ड्वेनने माझ्याकडे पाहिलं. "हॅरल्ड, तुम्ही गेल्या वर्षी शब्दकोडं आणलं होतं म्हणे."

मी आणलं होतं. मी कॉफीत बघत राहिलो.

"किती आले तर राहील?" अर्डिसने विचारलं.

ड्वेनला वाटलं असावं की मोठा आकडा सांगितला की विषय संपेल. "निम्मे. यादीतले निम्मे या एप्रिलला आले, तर मी स्वतः परिषदेत उभा राहून सांगेन की बंबखान्याला हात लावू नका. नाहीतर निवडणूक झाली की ती किल्ली मला द्या." तो खिळ्याकडे बघून म्हणाला आणि लगेच त्याला वाईट वाटलं. "म्हणजे, सावकाश द्या."

"केक घेऊन जा," अर्डिस म्हणाली. "बायकोलाही दे. सगळा तू खाऊ नकोस."

लोक का येत नाहीत हे आम्हाला दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. कारण मासे. एप्रिलच्या सुरुवातीला बर्फ वितळून नदी मोकळी झाली की वॉलाय जातीचे मासे अंडी घालायला वर चढतात, आणि मतदानाचा मंगळवार नेमका त्याच आठवड्यात येतो. पण नुसते मासे असते तर माणसं सकाळी मत देऊन नदीवर गेली असती. मधे आडव्या आल्या होत्या जोड्या.

जोड्यांची सुरुवात मर्ल झिएलिन्स्की आणि ऑर्विल बुखोल्झ यांनी केली. हे दोघे मेहुणे. ऑर्विलची बहीण मर्लला दिलेली. मर्ल कागदाच्या गिरणीत कामगार संघटनेचा माणूस, बापापासून डेमोक्रॅट. ऑर्विलचं खताचं आणि बियाण्याचं दुकान होतं, आजोबांपासून रिपब्लिकन. एका एप्रिलमध्ये मासे फार चांगले लागत होते, तेव्हा होडीत बसून मर्ल म्हणाला, "तू माझ्याविरुद्ध मत देणार, मी तुझ्याविरुद्ध. दोन्ही गेली पाण्यात. मग आपणच पाण्यात बसलेलं काय वाईट?" ऑर्विलला ते पटलं. त्या दोघांचं एकमत झालेली ती एवढी एकच गोष्ट असावी. दुसऱ्या वर्षी आणखी दोघांनी जोडी केली. मग ती रीतच पडली. मार्चअखेर लोक जोडीदार शोधत, जसे नाचासाठी शोधतात. आणि होडीत दोघांनी दिवसभर बसायचं ते नुसतं माशांसाठी नव्हे. एकाने दुसऱ्यावर नजर ठेवायची. उजेड आहे तोवर कुणी किनाऱ्याला लागायचं नाही.

मतदानाआधीच्या शुक्रवारी अर्डिस मला म्हणाली, "चल, मासे खायला जाऊ." शुक्रवारी सगळेच स्टॅनच्या बारमध्ये तळलेले मासे खायला जातात, त्यात विशेष काही नाही. पण अर्डिस एरवी कोपऱ्यातलं टेबल धरते. त्या दिवशी ती ताट घेऊन सरळ मर्ल आणि ऑर्विल यांच्या टेबलाशी गेली आणि बसली. मी तिच्या मागून गेलो, कारण माझ्या हातात तिचं लोणचं होतं.

"मंगळवारी कुठे?" तिने विचारलं.

"पुलाच्या वरच्या बाजूला, वळणावर," मर्ल म्हणाला. "आणि तू मला काय विचारणार ते मला माहीत आहे. ड्वेनचं ऐकलं आम्ही. वाईट वाटलं."

"वाटलंच पाहिजे. तुम्ही दोघं आलात तर निकाल बदलतो का?"

"नाही."

"आणि माझ्याकडची संख्या दोनने वाढते. इथे बसलेत त्यातले किती जण जोडीने नदीवर जाणार आहेत?"

बारमधल्या बऱ्याच जणांनी आपापल्या ताटात लक्ष घातलं.

"अर्डिस, बाई, तू समजून घे," ऑर्विल म्हणाला. तो जाड, लाल मानेचा, सावकाश बोलणारा माणूस. "मी यायला तयार आहे. पण हा येईल आणि मत देईल, आणि मग मला ऐन वेळी म्हणेल, ऑर्विल, माझी कंबर धरली, घरी सोड."

"मी असं म्हणेन?" मर्ल म्हणाला.

"माझ्या बहिणीच्या लग्नात पियानो उचलायच्या वेळी म्हणाला होतास."

"तेव्हा खरंच धरली होती."

"झालं. मी काय म्हणत होतो?"

लोक हसले. ऑर्विलने मग काटा खाली ठेवला आणि जरा नरमाईने म्हणाला, "आणि खरं सांगू, तुला हे बोलायला सोपं आहे. तू मत देतेस ते मोजलं जातं. आमचं तसं नाही. कोटाची बटणं लावून, थंडीत चालत जाऊन मत द्यायचं, आणि ते मेहुण्याने खायचं. ती चव तुला माहीत नाही."

 अर्डिसने माझ्या हातातून लोणचं घेतलं, एक तुकडा काट्याला लावला आणि ठेवून दिला.

"चाळीस वर्षं खाल्लंय माझं मत," ती म्हणाली. "नॉर्बर्टने."

आधी मर्लच्या लक्षात आलं. त्याचं तोंड उघडं राहिलं. मग पलीकडच्या टेबलावरच्या बायकांच्या लक्षात आलं, मग स्टॅनच्या. त्याने टीव्हीचा आवाज कमी केला. सगळ्यांत शेवटी ऑर्विल.

"म्हणजे तू..."

"मी काहीही म्हटलेलं नाही. मी फक्त नॉर्बर्टचं म्हटलं. पुढचं तुला जमेल."

"एवढी वर्षं मी एका डेमोक्रॅट बाईच्या हातून मतपत्रिका घेतोय?"

"एकदा तरी चुरगळलेली मिळाली?"

ऑर्विलने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "नाही."

"शाळेत तुझ्या पोरांना बटाटे कमी वाढले मी?"

"नाही. धाकट्याला तर जास्तच वाढायचीस."

"मग खा. मासा गार होतोय."

मर्ल टेबलावर डोकं ठेवून हसत होता. अर्डिस मात्र लाल झाली होती. इतकी वर्षं स्वेटरखाली जपलेली गोष्ट तिने तळलेल्या माशांच्या वासात टेबलावर ठेवली होती, आणि ती परत उचलून घेता येणार नव्हती. ती हळू आवाजात पुढे बोलली, पण बार इतका शांत होता की सगळ्यांना ऐकू गेलं.

"हे काम माझ्याकडे यायच्या आधी आम्ही दर वेळी जोडीने जायचो. तो पहिल्या आडोशात, मी दुसऱ्या. घरी येताना तो म्हणायचा, चला, टॉर्गर्सनांनी आज पुन्हा काही केलं नाही. आणि सूप गरम करायचा. एकदाही घरी राहिलो नाही. त्याला ताप होता तेव्हासुद्धा. मी म्हटलं, तू झोप, मीही जात नाही, हिशेब सारखाच. तर म्हणाला, तू जाशील, आणि तू गेलीस तर मला यावंच लागेल, बूट दे."

 मग अग्निशमन दलाची कॅप्टन लोरी, जी बारपाशी उभी होती, तिने खरी अडचण काढली. बंबखान्यामागे नदीचा घाट आहे, जोडीने होडीतूनच यायचं म्हटलं तर येता येईल. पण लाकडी धक्का बर्फामुळे काढून ठेवलेला असतो, तो मे महिन्याशिवाय लागत नाही. होडी बांधायला काही नाही. एकाने होडी धरून बसायचं आणि एकाने मत द्यायचं. "आणि मग पहिला मत देऊन आला की म्हणणार, कंबर धरली," लोरी म्हणाली.

"तुझा बंब घाटाच्या उतारावरच असतो ना, बाहेर काढलेला?" अर्डिस म्हणाली. "त्याच्या मागच्या आकड्याला दोर बांधले तर?"

लोरीने विचार केला. "बांधा. नियमात बसतं का ते मी विचारणार नाही."

मंगळवारी सकाळी धुकं होतं आणि पाणी चढलेलं. अर्डिसने तो हिरवा स्वेटर घातला होता. दाराशी दालचिनीचे केक मांडले होते आणि त्यावर नेहमीची पाटी, मत देणाऱ्यालाही आणि न देणाऱ्यालाही. मत दिलं म्हणून कुणाला काही खायला देणं आमच्याकडे गुन्हा आहे, त्यामुळे अर्डिस रस्त्यावरून जाणाऱ्याला, टपालवाल्याला, एकदा तर पत्ता चुकलेल्या ट्रकवाल्यालाही बोलावून केक देते. ती कायदा पोट भरून पाळते.

नऊच्या सुमारास पहिली होडी आली. मग दोन. माणसं गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट वाजवत, जोडीजोडीने, एकमेकांच्या कोटाला जवळजवळ धरूनच आत येत होती. एक आडोसा रिकामा असला तरी दुसरा रिकामा होईपर्यंत थांबत. दोघांनी एकदमच आत जायचं. ओल्या, मासळीच्या हातांनी धरलेली मतपत्रिका मोजणीचं यंत्र गिळेना. ती बाद करून नवी द्यावी लागली. तेव्हा अर्डिसने घरून पाण्याचं घमेलं, लिंबं आणि टॉवेल आणले. "आधी हात. नखंसुद्धा." सत्तरीचे लोक रांगेने हात धुवून तिला दाखवत होते. मला शब्दकोड्याची आठवणही झाली नाही.

तरी दुपार सरली आणि आम्ही निम्म्याच्या बरेच खाली होतो. यंत्रावर आकडा दिसतो. अर्डिस त्याच्याकडे पाहत नव्हती, म्हणजे तिला तो पाठ होता. काठीवाले येऊन गेले. गिरणीची पाळी सुटली, तिथले आले. मर्ल आणि ऑर्विल यांचा पत्ता नव्हता.

ते आले दिवस मावळायला लागल्यावर. दार आठला बंद होतं आणि साडेसात होत आले होते. "मासे सोडेनात," ऑर्विल म्हणाला, जणू माशांनीच त्याला धरून ठेवलं होतं. बाहेर आणखी तीन होड्या नुकत्याच बंबाला बांधलेल्या होत्या, रांग होती. मर्लने मत दिलं. ऑर्विलची पहिली मतपत्रिका ओली झाली, म्हणून त्याला दुसरी दिली. ती हातात घेऊन तो आडोशाकडे वळला, आणि सायरन वाजला.

रेल्वेच्या रुळाजवळ गवत पेटलं होतं. एप्रिलमध्ये ते पेटतंच. लोरी आणि तिची माणसं आमच्यामधून धावत गेली. लोरीने आकड्यातले दोर काढले आणि ओरडली, "होड्या धरा." रांगेतले लोक बाहेर पळाले. तिघांनी आपापले दोर पकडले. बंब निघून गेला. चौथा दोर गवतावरून सरपटत पाण्यात गेला. ती होडी ऑर्विलची होती, गेल्याच वर्षी घेतलेली, आणि तिच्यात दोघांचे दिवसभराचे मासे होते.

ऑर्विल हातात मतपत्रिका घेऊन मागच्या दारात उभा. मतपत्रिका बाहेर नेता येत नाही. ठेवून गेला असता तर होडीमागे पळण्यात आठ वाजून गेले असते. त्याने होडीकडे पाहिलं, आडोशाकडे पाहिलं, मग मर्लकडे. मर्लचं मत यंत्रात पडलेलं होतं. ऑर्विल आता बाहेर पडला, तर इतक्या वर्षांत पहिल्यांदा मर्ल एका मताने पुढे राहणार होता.

"जा, बघ तुझी होडी," असं मर्लने म्हणायचा अवकाश होता.

"कंबर कशी आहे?" ऑर्विलने विचारलं.

"बरी आहे," मर्ल म्हणाला. "तू आत जा. नीट बघून खूण कर, पुन्हा खराब करू नकोस." आणि तो पळाला. सत्तरी ओलांडलेला माणूस पळतो तसा, म्हणजे वरचा अर्धा भाग पुढे आणि खालचा मागून. होडी खालच्या बाजूला विलोच्या फांद्यांत अडकली होती. तिथवर तो गेला, पाण्यात उतरला, कमरेपर्यंत भिजला आणि दोर धरून उभा राहिला. तिथून त्याने अशा काही शिव्या दिल्या की पुलावरची माणसं थांबली.

सायरन ऐकून रस्त्यावरची सगळी घरं आधीच बाहेर आली होती. कुणाला आग बघायची होती, ती दूर होती. मग त्यांनी मर्ल बघितला. पाच-सहा जणांनी त्याला आणि होडीला ओढून काढलं आणि सगळे मिळून बंबखान्यात आले, कारण तिथे ऊब होती आणि केक होता. अर्डिस दारातच उभी होती.

"केक घे. मत दिलंस का?"

"नाही, मी नुसता बघायला..."

"केक तरीही तुझाच आहे. रांग तिकडे आहे, वेळ आहे अजून. हात धू."

असे किती आले ते मी तेव्हा मोजलं नाही, नुसती नावं शोधत होतो. होड्या गवतावर ओढून ठेवून ते तिघे आणि त्यांचे जोडीदारही परत आले. आठ वाजता अर्डिसने दार लावलं, शेवटच्या माणसाची मतपत्रिका यंत्रात गेली, आणि मग तिने पहिल्यांदा आकड्याकडे पाहिलं. निम्म्याच्या वर अकरा. ती खुर्चीवर बसली आणि टॉवेलने आपलेच हात पुसत राहिली. ते कोरडे होते.

महापौर तोच निवडून आला, जो येणार होता. गेल्या वेळी होतं जवळजवळ तेवढंच अंतर. लोरीच्या माणसांच्या पिवळ्या विजारीत, पायांना ब्लँकेट गुंडाळून मर्ल केक खात होता. शेजारी ऑर्विल.

"म्हणजे तुझं माझं मिळून काही झालं नाही," मर्ल म्हणाला.

"नाही," ऑर्विल म्हणाला. "आणि सूपही नाही."

"सूप आहे," अर्डिस म्हणाली. "घरी चला. हॅरल्ड, तूही."

गुरुवारी ड्वेन आला. मी तिथेच होतो. त्याने टोपी काढली, केक घेतला, परिषदेत कोण काय म्हणालं ते सांगितलं, आगीबद्दल बोलला, मर्लबद्दल बोलला. अर्डिसने मधेच उठून किल्ली खिळ्यावरून काढली आणि त्याच्यापुढे टेबलावर ठेवली. 

ड्वेनने ती उचलली, उजेडात धरून तिचे दात पाहिले.

"कुलूप जरा अडकतं म्हणतात हिवाळ्यात," तो म्हणाला. "नोव्हेंबरच्या आधी तेल घालायला सांगतो." आणि उठून त्याने ती खिळ्याला लावली. पहिल्यांदा चुकली, खाली पडली. दुसऱ्यांदा नीट लागली.